ऑफिस आणि प्रवास, दोन्हीला चालेल अशी एकच बॅग घ्यायचीय? मग या क्रमाने घ्या

नवीन नोकरी लागलीये, मुंबई-पुण्यात राहायला आलात, आणि आता रोज ऑफिसला न्यायला, महिन्या-दोन महिन्यांनी गावी जायला आणि कधी कंपनीच्या कामाने एखादी रात्र बाहेर राहायला अशी एकच बॅग हवीय, दिसायला छान आणि टिकायलाही दणकट, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी डोंबिवलीहून रोज लोकलने जाते-येते आणि आमच्या डब्यात बॅग हा कायमचा विषय असतो, कोणाचा पट्टा तुटला, कोणाची चेन बसली, कोणी नवीन घेतली तर सगळ्याजणी हातात घेऊन कप्पे उघडून बघतात, त्यामुळे कुठली बॅग किती टिकते हे जाहिरातीपेक्षा मला तिथे जास्त कळलंय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. बॅग दुकानात बघून ठरवायची नाही, तुमच्या दिवसातला जो सगळ्यात गर्दीचा, सगळ्यात त्रासाचा अर्धा तास असतो त्यावरून ठरवायची. त्या अर्ध्या तासात जी बॅग साथ देते ती बाकी दिवसभर चालते, ऑफिसच्या टेबलावर तर कुठलीही बॅग चांगलीच दिसते. स्टाइल नक्की बघायची, मला स्वतःला खूप आवडतं चांगली बॅग घेऊन फिरायला, पण ती नंतरच्या पायरीवर.

पहिली पायरी: सामान काढा आणि वजन करा

आत्ता जी बॅग वापरताय ती पलंगावर रिकामी करा. सगळं. मग दोन ढीग करा, रोज लागतं ते आणि "असू दे" म्हणून पडलेलं, दुसऱ्या ढिगात जुनी बिलं, दोन बंद पेनं, संपलेलं क्रीम, जास्तीची केबल असं काय काय निघेल. रोजच्या ढिगाचं वजन करा, स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर त्यावर एकेक वस्तू ठेवून, नाहीतर बॅग घेऊन स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग बॅग ठेवून परत उभं राहायचं आणि वजाबाकी करायची.

साधारण हिशोब असा येतो. १४ इंची ऑफिस लॅपटॉप दीड किलोच्या आसपास, जुना १५.६ इंची असेल तर दोनच्या वर, चार्जर पाव ते अर्धा किलो, एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलो आणि बाटलीचं वजन वेगळं, स्टीलचा भरलेला डबा पाऊण किलो तरी होतो, त्यावर छत्री, पाकीट, किल्ल्या, पॉवर बँक. म्हणजे काहीही विशेष न घेता चार-साडेचार किलो. शाळेच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये स्कूल बॅग पॉलिसी काढली तेव्हा दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं त्यात सांगितलं, मोठ्यांसाठी कोणी असा नियम केलेला नाही पण तोच आकडा डोक्यात ठेवायला काही हरकत नाही, ५० किलोच्या मुलीला पाच किलो झाले की बास.

यातून लगेच एक गोष्ट ठरते. रिकाम्या बॅगेचं स्वतःचं वजन एक किलोच्या आत हवं. दुकानात हे कोणीच विचारत नाही. जाड लेदरची मोठी ऑफिस बॅग किंवा खूप फोम आणि पंचवीस कप्पे असलेली सॅक रिकामीच सव्वा-दीड किलोची असते, म्हणजे एक जास्तीचा लॅपटॉप रोज फुकट उचलायचा. ऑनलाइन घेत असाल तर माहितीत खाली वजन लिहिलेलं असतं, ते आधी बघा आणि मग फोटो बघा.

पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची केली तरी फरक पडतो, ऑफिसमध्ये पाणी भरता येतं.

दुसरी पायरी: तुमचा रस्ता कुठला

लोकलने जात असाल तर दोनच प्रश्न, गर्दीत बॅग छातीशी घेता येते का आणि रॅकवर ठेवता येते का. सॅक पुढे घालून चढायचं हे मुंबईत आल्यावर पहिल्या आठवड्यात कळतंच, कारण पाठीवर ठेवली तर मागचा माणूस वैतागतो, बॅग दोघांच्या मध्ये अडकते आणि चेन कोणी उघडली तरी कळत नाही. पण पुढे घालायची म्हणजे बॅग पोटापासून फार बाहेर येणारी नको. भरल्यावर जाडी १५-१६ सेंटीमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे गेली की उतरताना स्वतःचे पायच दिसत नाहीत आणि फलाटाचं अंतर बघायला पाय दिसणं गरजेचं आहे. रॅकवर ठेवायची वेळ येते तेव्हा आपण "ताई, जरा वर ठेवता का" म्हणून ती पुढे देतो आणि चार हातांतून ती वर जाते, अशा वेळी बॅगेला वर एक मजबूत हँडल पाहिजे, नुसते खांद्याचे पट्टे असले तर ते कोणाच्या तरी कानातल्यात नाहीतर ओढणीत अडकतात. आणि बाजूचे जाळीचे उघडे खिसे, ज्यात बाटली ठेवतात, त्यातून बाटली हमखास खाली पडते. बाटली आत बसेल अशी बॅग घ्या किंवा खिसा खोल आणि कापडाचा असलेली घ्या.

पासासाठी आणि मोबाईलसाठी पाठीला टेकणाऱ्या बाजूला लपलेला खिसा असेल तर फार उत्तम. मी बॅग बघताना तो आधी शोधते.

टू-व्हीलरवर असाल, पुण्यात बहुतेकजण असतातच, तर एका खांद्यावरची कुठलीही बॅग नकोच. वळताना ती पुढे येते, हँडलवर आदळते, आणि स्कूटरच्या पुढच्या हुकला टोट, म्हणजे दोन हँडलची खांद्यावर घ्यायची पिशवीसारखी बॅग, लटकवून त्यात लॅपटॉप ठेवणारे खूप दिसतात पण प्रत्येक खड्ड्यात तो लॅपटॉप गुडघ्यावर नाहीतर पत्र्यावर आपटत असतो. दोन पट्ट्यांची सॅक, छातीवर अडकवायचा छोटा पट्टा असलेली, आणि खाली जास्त न लोंबणारी. डोक्यावर हेल्मेट असतं तेव्हा सॅकचा वरचा भाग उंच असेल तर मान मागे करता येत नाही, हे दुकानात घालून बघताना मान वर करून तपासा.

मेट्रोने जाणाऱ्यांना प्रत्येक वेळी मशीनमधून बॅग पाठवायची असते. लोंबणारे पट्टे, गोंडे, किचेन तिथे रोलरमध्ये अडकतात. एवढंच लक्षात ठेवा. कॅब किंवा स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांचं सोपं आहे, त्यांनी मनाला येईल ती घ्यावी.

तिसरी पायरी: प्रकार ठरवा

सॅक, टोट, मेसेंजर, डफल म्हणजे लांबट प्रवासाची बॅग, स्लिंग म्हणजे छोटी तिरकी घालायची, आणि आता ज्याला कन्व्हर्टिबल म्हणतात ती, म्हणजे हातात धरली तर टोट आणि मागचे पट्टे बाहेर काढले की सॅक.

ज्यांना रोज लॅपटॉप न्यायचाय आणि प्रवास पाऊण तासाच्या वर आहे त्यांच्यासाठी माझ्या मते दोनच पर्याय आहेत, बारीक सरळ आकाराची सॅक किंवा कन्व्हर्टिबल. बाकी सगळे एका खांद्यावर वजन टाकतात. टोट खूप देखणी दिसते, साडीवर ड्रेसवर कशावरही जाते, पण आत चार किलो टाकून एका खांद्यावर तासभर उभं राहिलं की खांदा आपोआप वर उचलला जातो आणि संध्याकाळी मान धरते. लॅपटॉप ऑफिसमध्येच ठेवत असाल, सामान दोन-अडीच किलोच्या आत असेल, तर टोट घ्या, बिनधास्त घ्या, फक्त वर पूर्ण चेन असलेली. मॅग्नेटचं एकच बटण असलेली उघडी टोट गर्दीच्या गाडीत चालत नाही.

कन्व्हर्टिबल घेताना एक बघायचं की पट्टे काढायला-लावायला किती वेळ लागतो. चांगल्या बॅगेत पट्टे मागच्या कप्प्यात आत सरकतात आणि दहा सेकंदात बाहेर येतात. काहींमध्ये एकच लांब पट्टा कडीतून ओवून घ्यायचा असतो, तो पातळ असतो आणि लॅपटॉपच्या वजनाने खांद्यात रुततो, ती नको.

मेसेंजर बॅग, म्हणजे कॉलेजपासून मुलं तिरकी घालतात ती, कागदपत्रं आणि टॅब्लेटसाठी छान, जड लॅपटॉपला नाही. आणि खादीची शबनम ज्यांना आवडते त्यांनी ती जरूर ठेवावी, मला पण आवडते, पण मुख्य बॅगेत घडी करून, भाजी किंवा पुस्तकं घ्यायला लागली तर काढता येते.

चौथी पायरी: माप, लिटरमध्ये आणि सेंटीमीटरमध्ये

लॅपटॉपचे इंच हे स्क्रीनच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असतात, त्यावरून बॅगेचा कप्पा कळत नाही. घरी टेपने लॅपटॉपची लांबी-रुंदी मोजा. १५.६ इंची साधारण ३६ बाय २४ सेंटीमीटर भरतो, १४ इंची ३२ बाय २२ च्या जवळपास. कप्पा त्याहून दोनेक सेंटीमीटर मोठा हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापर्यंत जायला नको, तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर लटकलेला हवा, म्हणजे बॅग जमिनीवर टेकवली की लॅपटॉपची कड आपटत नाही. हात आत घालून चाचपलं की लगेच समजतं.

लिटरचं म्हणाल तर फक्त ऑफिससाठी १५ ते १८ लिटर पुरतात, ऑफिस अधिक एका रात्रीचे कपडे असतील तर २० ते २४. त्यापुढे जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते, कारण मोठी बॅग घेतली की ती भरतेच. दोन-तीन रात्रींच्या प्रवासाला वेगळी डफल नाहीतर छोटी ट्रॉली असू दे आणि रोजची बॅग तिच्यावर बसू दे. त्यासाठी बॅगेच्या पाठीला एक आडवी रुंद पट्टी शिवलेली असते, ट्रॉलीचा दांडा त्यातून घालायचा, मग स्टेशनवर दोन्ही एका हाताने ओढता येतात. प्रवासालाही चालणारी बॅग घ्यायची असेल तर ही पट्टी असलेलीच घ्या, त्याला जास्त पैसे पडत नाहीत.

विमानाने जाणं असेल तर बहुतेक देशांतर्गत विमानांत ७ किलोची एक केबिन बॅग आणि सोबत लॅपटॉप बॅग किंवा पर्ससारखी एक छोटी बॅग नेता येते, केबिन बॅगेचं माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर असतं, तरी आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. २०-२२ लिटरची सॅक पुढच्या सीटखाली आरामात जाते. पॉवर बँक नेहमी सोबतच्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात चालत नाही. सिक्युरिटीला लॅपटॉप काढायला लावतात, म्हणून त्याची चेन वेगळी असेल तर अख्खी बॅग उघडावी लागत नाही.

एसटीने जाताना वरचा रॅक अरुंद असतो, फुगलेली सॅक ब्रेकला खाली येते, बारीक बॅग असेल तर मांडीवर किंवा पायाशी राहते. शिवनेरीच्या डिकीत मोठी बॅग टाका पण लॅपटॉपची कधीच नाही.

पाचवी पायरी: कापड, आणि आपला पावसाळा

इथे जरा थांबते कारण पैसे वाया जातात ते इथेच.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, आणि मुंबई, ठाणे, कोकण, गोव्याला बाकीचे महिनेही दमट. त्यामुळे बॅगेच्या कापडाला दुसऱ्या गावात जे चालतं ते इथे चालेलच असं नाही. सगळ्यात जास्त फसगत होते ती पीयू लेदरमध्ये. दिसायला अगदी खऱ्या लेदरसारखं, नवीन असताना मऊ, स्वस्त, रंग भरपूर. पण ते म्हणजे कापडावर पॉलीयुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो थर हळूहळू तुटत जातो, मग हँडलजवळ आणि कडांना पापुद्रे निघायला लागतात आणि काळे कण कपड्यांना चिकटतात. वापरली नाही, कपाटात जपून ठेवली तरी होतं ते, उलट बंद कपाटात ओल जास्त साठते. चांगल्या कंपनीचं पीयू जास्त वर्षं जातं, हलकं लवकर जातं, पण जातं. पीयूची बॅग हौसेसाठी, कार्यक्रमासाठी घ्या, रोजच्या घामाच्या हाताला आणि पावसाला नको. जुनं रेक्झिन, म्हणजे पीव्हीसी, त्यापेक्षा पाण्याला टिकतं पण घडीवर तडकतं आणि जड असतं.

खरं लेदर टिकाऊ आहेच, वर्षानुवर्षं जातं आणि जुनं झाल्यावर आणखी सुंदर दिसतं, पण पावसाळ्यात त्याला बुरशी येते. ज्यांना सांभाळायची आवड आहे त्यांनीच घ्यावं. ओलं झालं तर कोरड्या कापडाने टिपून पंख्याखाली वाळवायचं, उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही, तडे जातात. "जेन्युइन लेदर" एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून दर्जा काहीच कळत नाही, फुल ग्रेन आणि टॉप ग्रेन हे वरचे दर्जे, आणि बाँडेड लेदर म्हणजे लेदरचा चुरा चिकटवून केलेलं, ते घेऊच नका. कडा बघायच्या, खऱ्या लेदरच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात, पीयूच्या कडेला खाली कापड दिसतं.

रोजच्या बॅगेसाठी मी नायलॉन किंवा चांगलं पॉलिस्टर सुचवते. त्यावर ६००डी, १००० डी असं लिहिलेलं असतं. तो डेनियर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, आकडा मोठा तर धागा जाड. पॉलिस्टरमध्ये ६०० डेनियर रोजच्या बॅगेला पुरतं, नायलॉन मुळातच जास्त चिवट असल्यामुळे ४२० मध्येही चांगली बॅग होते. १६८० डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन घासायला फार दणकट असतं, दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या सैनिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी म्हणून असलं कापड आधी आलं, पण ते जड असतं, ऑफिसला एवढं लागत नाही. तळाला जाड कापड आणि वर मध्यम अशी बॅग असेल तर सगळ्यात छान, कारण बॅग घासते ती तळालाच.

कॅनव्हास, म्हणजे जाड सुती कापड, दिसायला मला सगळ्यात जास्त आवडतं आणि कुर्त्यावर तर फारच सुंदर दिसतं. पण साधं कॅनव्हास पाणी पितं आणि दोन दिवस वाळत नाही, वास येतो. मेण लावलेलं कॅनव्हास मिळतं ते पाणी झटकतं. नागपूर, संभाजीनगर, सोलापूरकडे राहणाऱ्यांनी कॅनव्हास आरामात घ्यावं, मुंबईकरांनी विचार करून.

आणि "वॉटरप्रूफ" या शब्दावर जाऊ नका. कापड पाणी झटकणारं असलं तरी पाणी शिवणीतून आणि चेनमधून आत जातं. आतून कापडाला थर आहे का बघा, चेनवर झाकण आहे का बघा, आणि रेनकव्हर घ्याच, सॅकच्या तळात खिशात ते बसतं. जोराच्या पावसात लॅपटॉप जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत ठेवायचा, याच्यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

सहावी पायरी: दुकानात हात लावून काय तपासायचं

कापड नीट निवडलं की त्यामुळे बॅग क्वचितच खराब होते. चेन जाते, पट्टा उसवतो, अस्तर फाटतं. म्हणून हे तीन नीट बघायचे.

चेन. एका हाताने, बॅग न धरता, पूर्ण फिरवून बघा, कोपऱ्यावर अडकली तर ती पुढे रोज अडकणार. चेनच्या मागे बारीक नंबर असतो, ३, ५, ८, १०, बंद दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर असा त्याचा अर्थ. मुख्य कप्प्याला ५ च्या खाली नको, ८ असेल तर उत्तम. रनरवर, म्हणजे चेन ओढायच्या तुकड्यावर, वायकेके लिहिलेलं असेल तर ती जपानी कंपनीची चेन, १९३४ पासून हेच बनवतात आणि चांगल्या असतात, पण नावाची नक्कल खूप होते म्हणून नाव वाचून थांबू नका, फिरवून बघाच. दोन रनर असलेली चेन घ्या, एक बिघडला तरी काम चालतं आणि छोटं कुलूपही घालता येतं. अस्तराचा कापडी काठ चेनच्या फार जवळ आला असेल तर तो सारखा दातात सापडतो.

पट्टा. बॅगेत वजन टाकायला सांगा, दुकानदार कागद भरून दाखवतात पण कागदाने काही कळत नाही, तुमचा स्वतःचा लॅपटॉप, बाटली सोबत न्या आणि आत घालून दुकानात पाच मिनिटं फिरा. संकोच करू नका, दोन-तीन हजार देताय. मग पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथली शिवण बघा, चौकोन शिवून त्यात फुलीसारखी तिरकी शिवण हवी, किंवा एकाच जागी दाट गच्च टाके. नुसती एक सरळ ओळ असेल तर ती पहिल्या सहा महिन्यांत उसवते. टाके सारखे असावेत, इंचाला सात-आठ तरी, आणि आत हात घालून बघा, पट्टा बाहेरच्या कापडालाच शिवलाय की आत जाड पट्टी दिलीये. कडी आणि हुक धातूचे असतील तर वाजवून बघा, हलके पोकळ वाटले तर नको.

टोटच्या हँडलची उंची, म्हणजे खांद्यावर घेतल्यावर काखेत येणारं अंतर, २५ सेंटीमीटरच्या आसपास हवी, त्याहून कमी असेल तर जाड कुर्त्यावर किंवा जॅकेटवर ती वर चढतच नाही.

अस्तर फिक्या रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात काळं पाकीट, काळा चार्जर, काही दिसत नाही आणि फलाटावर उभं राहून किल्ली शोधत बसावं लागतं. आमच्या डब्यात यावर सगळ्यांचं एकमत आहे.

सातवी पायरी: आता स्टाइल

इथपर्यंत आलात की पर्याय चार-पाचच उरलेले असतात, त्यातून मनाला आवडेल ती निवडायची.

बॅग देखणी दिसते ती आकारामुळे. रिकामी असतानाही उभी राहणारी, सरळ कडांची बॅग ऑफिसला, क्लायंटकडे, लग्नाला जाताना गाडीत कुठेही शोभते. तीच ढेपाळलेली असेल तर महाग असूनही बरी दिसत नाही. चमक कमी, लोगो छोटा किंवा त्याच रंगात, बाहेर दिसणाऱ्या चेन कमी, धातू एकाच रंगाचा. रंग म्हणाल तर काळा कधी चुकत नाही पण सगळ्यांकडे काळाच असतो आणि रॅकवरून उतरवताना कोणाची कुठली कळत नाही, त्यापेक्षा गडद निळा, ऑलिव्ह, टॅन, वाइन हे रंग बघा, कपड्यांवर जातात आणि आपली बॅग लांबून ओळखू येते. पांढरा आणि बेबी पिंक लोकलमध्ये आठवडाभरात मळतो.

मुलींना, बायकांना एक वेगळं सांगते. साडी नेसून जाणार असाल तर सॅकचा पट्टा पदराच्या निऱ्या चुरगळतो, तिथे कन्व्हर्टिबल हातात धरून उपयोगी पडते. पट्ट्याच्या आतली खरखरीत जाळी मऊ कॉटन आणि शिफॉनवर घासून गोळे आणते, मऊ कापडाचा पट्टा बघा. गडद रंगाचं डेनिम किंवा कच्च्या रंगाचं लेदर पांढऱ्या कुर्त्याला रंग लावतं, ओल्या पांढऱ्या रुमालाने बॅग घासून बघा, दुकानातच. आणि वेल्क्रो नको, ओढणी गेली समजा.

मुलांनी कॉलेजची चार चेनची, फुगलेली सॅक ऑफिसच्या शर्टवर घालू नये असं मला मनापासून वाटतं, तेवढ्याच पैशात साधी सपाट एकरंगी सॅक मिळते आणि माणूस एकदम नीटनेटका दिसतो.

आठवी पायरी: कुठे आणि किती पैसे

रोजची चांगली नायलॉन-पॉलिस्टर बॅग सेलमध्ये साधारण दीड ते तीन हजारांत मिळते, वॉरंटीसकट. पाचशेची बॅग दरवर्षी घेण्यापेक्षा हे परवडतं. वाईल्डक्राफ्ट, स्कायबॅग्ज, सफारी, अमेरिकन टूरिस्टर यांच्या सॅक बहुतेक गावांत बघायला मिळतात, वॉरंटी कशाची आहे ते वाचा, बऱ्याचदा शिवण आणि चेनची असते, घासलेल्या कापडाची नसते. लेदर नकोच असेल आणि पर्ससारखं काही हवं असेल तर मुंबईच्या नीना लेखी यांनी १९९० मध्ये सुरू केलेलं बॅगिट आहे, ते प्राण्यांचं कातडं वापरत नाहीत. लेदरमध्ये पुदुच्चेरीचं हायडिझाइन, दिलीप कपूर यांनी १९७८ ला सुरू केलेलं, महाग आहे पण काम बघण्यासारखं आहे.

आणि धारावीला नक्की जा. सायन-बांद्रा लिंक रोडवर आणि आतल्या गल्ल्यांत लेदरची दुकानं आहेत, मागे कारखान्यातच बॅगा शिवतात. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात गाय-बैलांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आली तेव्हापासून तिथे म्हशीचं लेदर जास्त असतं, ते जाड आणि टिकाऊ असतं. तिथली खरी मजा म्हणजे मापाने बॅग करून मिळते, लॅपटॉप घेऊन जा, कप्पा कुठे हवा, पट्टा किती लांब, अस्तर कुठलं हे सांगा, नमुना दाखवा. भाव करा पण कारागिराच्या हाताला योग्य ते द्या. त्याच धारावीत सुधीर राजभर यांच्या चमार स्टुडिओने लेदरऐवजी जुन्या रबराच्या शीटपासून फार देखण्या बॅगा केल्यात, पावसाळ्यात रबराला काही होत नाही.

क्रॉफर्ड मार्केट, लिंकिंग रोड, पुण्यात तुळशीबाग, लक्ष्मी रोड, नागपूरला सीताबर्डी इथे घेणार असाल तर भरपूर मिळतं, सहाव्या पायरीतलं सगळं जास्त काळजीने करा आणि मोठ्या ब्रँडच्या फर्स्ट कॉपीसाठी जास्त पैसे मोजू नका, त्यात पैसे नावाला जातात, शिवणीला नाही.

एका रात्रीचं सामान कसं बसवायचं

एक जोडी कपडे गुंडाळून तळाशी, त्यावर छोट्या पिशवीत आतले कपडे आणि टूथब्रश वगैरे, लॅपटॉप पाठीच्या बाजूला कारण जड वस्तू पाठीला चिकटून असली की बॅग हलकी वाटते, चार्जर मध्ये, डबा उभा आणि वेगळ्या पिशवीत. बूट-चप्पल दुसरी नेऊ नका, घातलेलीच पुरते. ओल्या छत्रीसाठी झिपवाली प्लास्टिक पिशवी कायम आत असू दे.

देखभाल

महिन्यातून एकदा रिकामी करून उलटी झटका, धूळ आणि बिस्किटाचा चुरा चेनमध्ये जाऊन ती खराब होते. चेन घट्ट झाली तर दातांवर मेणबत्ती घासा. मशीनमध्ये धुवू नका, आतला थर निघतो, साबणाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून पुसा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात ठेवणीतल्या बॅगेत जुने वर्तमानपत्राचे बोळे आणि सिलिका जेलच्या पुड्या, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवायची नाही, सुती पिशवीत ठेवायची. चेन बसली म्हणून बॅग टाकून देऊ नका, बऱ्याचदा नुसता रनर सैल झालेला असतो आणि स्टेशनबाहेर बसणारे बॅग दुरुस्तीवाले थोड्या पैशात तो बदलून देतात, पट्ट्याला पण एक जास्तीची शिवण मारून घ्या त्याच वेळी.

ऑनलाइन मागवली असेल तर आल्या आल्या टॅग कापू नका. परत करायची मुदत बघा, घरातच पूर्ण सामान भरून घाला, जिन्याने दोन मजले चढा-उतरा, पुढे घालून बघा, खाली वाकून बूट बांधून बघा, मग लॅपटॉप काढा-ठेवा. खांद्याला कुठे रुतत असेल किंवा चेन एकदा जरी अडकली तर परत पाठवा.